घरची मजुरी

तिमाही निकाल आले की बातम्यांत 'समायोजित नफा' फिरू लागतो आणि माझं डोकं फिरतं. या आठवड्यातही तेच. मोठ्या अक्षरांत नफा, त्याच्या डोक्यावर एक चांदणी आणि चांदणीचा खुलासा तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणून मी कुठलाही अहवाल शेवटच्या पानापासून वाचतो. माळेगावात साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरात वाढलेल्याला ही सवय लागतेच.

मला सलते ती एकच सबब: 'कर्मचाऱ्यांना शेअर दिले, रोकड कुठे गेली? मग तो खर्च धरू नका.' पेटीएमने डिसेंबर 2022 च्या तिमाहीत असा खर्च वगळून 31 कोटींचा परिचालन नफा सांगितला. त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा 392 कोटी होता. दोन्ही आकडे जाहीर होते. चांदणी मात्र नफ्यावर होती.

आमच्याकडे आडसाली उसात नवरा-बायको सोळा-सतरा महिने राबतात. रात्रीचं पाणी, खुरपणी, बांधणी. त्यांना हजेरी कुणी देत नाही. रोकड गेली नाही म्हणून ती मजुरी शून्य धरली, तर कागदावर कितीतरी तोट्यातले ऊसवाले फायद्यात येतील! शेअर हा पगार नसेल, तर माणूस कामावर येतो कशासाठी? आणि नवे शेअर वाटले म्हणजे वावरात वाटेकरी वाढले, आधीच्यांचा हिस्सा घटला. घटलेला हिस्सा हा खर्च नाही तर काय?

जानेवारी 2009 मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. ते धडधडीत खोटं होतं. समायोजित नफ्यात प्रत्येक आकडा खरा असतो, म्हणूनच कुणाला टोचत नाही. पण वाचणाऱ्याची समजूत चुकावी अशा रीतीने मांडलेला खरा आकडा प्रामाणिक नसतो. गावातली पोरं उसाच्या बिलातून असा नफा सांगणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतात, तेव्हा तळाच्या ओळी त्यांनी आधी वाचाव्यात.

कंपन्या बदलतील, असं मला वाटत नाही. आपण बदलू शकतो. आज रात्री उसाचा हिशेब मांडायला बसाल, तेव्हा घरातल्या बाईची हजेरी पहिल्या ओळीत लिहा. चांदणी न लावता.