सुकाळाची सात वर्षे



दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये इजिप्तच्या राजाच्या स्वप्नाची हकीकत आली आहे. सात धष्टपुष्ट गाईंना सात रोडक्या गाई खाऊन टाकत होत्या. दरबारातील जाणकारांना त्याचा उलगडा करता आला नाही, तो तुरुंगात खितपत पडलेल्या प्रेषित यूसुफ (अलै.) यांनी केला. परंतु ते केवळ अर्थ सांगून थांबले नाहीत. सात वर्षे नेटाने पेरणी करा, खाण्यापुरते धान्य काढून उरलेले कणसातच राहू द्या, कारण त्यानंतर सात वर्षे कठीण येणार आहेत, असा उपायही त्यांनी सांगितला. संकट येणार हे कळल्यावर हात जोडून बसणे हा प्रेषितांचा मार्ग नव्हे.

या घटनेतील बोध आजच्या आरोग्यव्यवस्थेला जसाच्या तसा लागू पडतो. साथ, महापूर, दुष्काळ यांपैकी कोणतेही संकट आगाऊ परवानगी घेऊन येत नाही. त्या दिवशी रुग्णालय तग धरते की कोलमडते, याचा निर्णय मात्र बहुधा आधीच्या निवांत दिवसांत झालेला असतो.

2021 च्या उन्हाळ्याची आठवण करा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठ्या शहरांतही प्राणवायूसाठी लोक वणवण फिरत होते. त्याच काळात सातपुड्याच्या कुशीतील आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरू लागली असतानाच हवेतून प्राणवायू निर्माण करणारी यंत्रणा उभारण्यास सुरुवात केली होती. इतरत्र सुटकेचा निःश्वास टाकला जात असताना तेथे पुढची तयारी चालली होती. सुकाळात कणसे राखून ठेवणे म्हणजे दुसरे काय?

काही जण म्हणतील, जे नशिबात आहे ते टळत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न नवा नाही. हिजरी सन 18 मध्ये शाम प्रदेशात अमवासची भीषण साथ पसरली. खलीफा उमर (रजि.) तिकडे निघाले होते, सरग येथे वार्ता कळताच त्यांनी सल्लामसलत करून परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून आपण पळता काय, असे आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. तेव्हा एका नियतीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या नियतीकडे जात असल्याचे उमर (रजि.) यांनी समजावून सांगितले. पुढे अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत मरण पावले. त्यांच्यानंतर मुआज बिन जबल (रजि.) यांनी धुरा घेतली, तेही गेले. मग अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगराळ भागात पांगविले. धुरा सांभाळणारे एकामागून एक गेले, पण धुरा खाली पडली नाही. जी व्यवस्था एकाच कर्तबगार माणसावर उभी असते, ती त्याच्याबरोबरच झोपते.

तयारी टिकते कशी, याचाही धडा आमच्याच इतिहासात आहे. सुलतान कलावून राज्य मिळण्यापूर्वी दमास्कस येथे आजारी पडले असता नूरुद्दीन झंगी यांच्या रुग्णालयातील औषधांनी त्यांना गुण आला. राज्य मिळाल्यावर त्यांनी 1284 मध्ये कैरो येथे भव्य रुग्णालय उभारले. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना तेथे उपचार मिळत. केवळ इमारत बांधून ते थांबले नाहीत. खर्च कायम भागावा म्हणून उत्पन्नाची साधने वक्फ केली. 1348 मध्ये काळ्या मृत्यूची साथ कैरोवर कोसळली, नंतर सत्ताही बदलल्या. तरी हे रुग्णालय शतकानुशतके चालत राहिले.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. त्या उन्हाळ्यात वर्गणी काढून तुमच्या वस्तीने ऑक्सिजनची यंत्रे घेतली असतील. ती आज कोठे आहेत? चालू स्थितीत आहेत, की मशिदीच्या कोठडीत धूळ खात पडली आहेत? संकटात रात्र रात्र जागणारा समाज संकट सरताच गाढ झोपी जातो, हीच आमची खरी दुर्बलता आहे. सातत्याने केलेले सत्कर्म, मग ते अल्प का असेना, अल्लाहला सर्वाधिक प्रिय असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही नमाज-रोजापुरतीच मर्यादित का ठेवावी?

म्हणून ती यंत्रे दरमहा सुरू करून पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवा, आणि तिच्या गैरहजेरीत ती कोण पाहील हेही ठरवा. जकातीचे हक्कदार कुरआनने निश्चित केले आहेत. म्हणून यंत्रे व देखभालीसाठी सदका आणि वक्फचा मार्ग धरा, एखाद्या गाळ्याचे भाडे त्यासाठी राखून ठेवा. आपल्या मुलामुलींना परिचर्येचे शिक्षण द्या, जखमी सहाबींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांचा तो वारसा आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत, याची ग्रामसभेत विचारणा करा. सरकारी रुग्णालय हीसुद्धा सर्वांची अमानत आहे.

प्रेषित यूसुफ (अलै.) यांनी कोठारांची जबाबदारी मागताना आपले दोन गुण सांगितले होते: राखण्याची निष्ठा आणि जाणतेपणा. निष्ठेविना ज्ञान असेल तर कोठार लुटले जाते. ज्ञानाविना निष्ठा असेल तर धान्य किडते. आणि त्या कोठारातील धान्य कोणाला मिळाले? इजिप्तच्या प्रजेला, शेजारच्या कनआनातून आलेल्यांना आणि ज्यांनी त्यांना विहिरीत टाकले होते त्या भावांनाही. आमच्या तयारीचे दारही असेच प्रत्येक रुग्णासाठी उघडे असले पाहिजे.

आज साथ नाही, रुग्णवाहिकांचा आक्रोश नाही. हीच सुकाळाची वर्षे आहेत. त्यांचा हिशेब परलोकात द्यावा लागणार आहे. अल्लाह आम्हा सर्वांना वेळेवर जागे होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.