लऊळपर्यंत आलोय

पांडुरंगा, रात्रीचा एक वाजून गेलाय. या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाइट आहे, म्हणून मोटरीपाशी बसलोय. तुझ्याशी बोलायला हीच वेळ बरी. दिवसा तुझ्यापुढं रांग असते आणि माझ्याभोवती माणसं.

उजाडला की मंगळवार. मोडनिंबच्या स्टँडवरून सकाळची एसटी, मोहोळवरून सोलापूर, आणि तिथल्या मॅडमच्या खोलीत माझी दुसरी खेप. समुपदेशन हा शब्द अजून तोंडात बसत नाही. घरी ‘दवाखान्यात जाऊन येतो’ म्हणतो. भावकीत सांगितलंय की डाळिंबाचं विचारायला केगावच्या संशोधन केंद्रावर चाललोय. हे खोटं पोटात घाल. याहून मोठं खोटं मी त्या खोलीत बोलून आलोय, आणि त्यासाठीच तुला या वेळी उठवलंय.

आधी माळेचं बोलू. दोनदा घातली, दोनदा उतरवली. पहिली आषाढीला, चंद्रभागेत अंघोळ करून. त्या दिवशी रडलो ते रडणं खरं होतं, एवढं मान. दिवाळीपर्यंत टिकली. मग एका संध्याकाळी ही समोरची स्टार्टरची पेटी आहे ना, तिच्या वरच्या खिळ्याला माळ अडकवली आणि पंधरा पावलं लांब, लिंबाखाली जाऊन बसलो, तिकडं पाठ करून. माळ गळ्यात ठेवून प्यायचं नाही, एवढी लाज शाबूत होती. पंधरा पावलांवरचं तुला दिसत नसेल, असा माझा हिशोब. पुढं पुढं रोज संध्याकाळी काढायची आणि सकाळी घालायची, असंच चाललं. मण्यांना ग्रीसचे डाग पडले. दुसरी माळ पोरांच्या शपथेवर घातली होती, तिचं सांगत नाही.

माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलीत. माळेत खोट नव्हती. गळ्याच्या आत काय चाललंय ते मी माळ घालणाऱ्या महाराजांना सांगितलं नव्हतं, आणि तुलाही नाही. ‘देवा, दारू सोडव’ एवढंच म्हणत राहिलो. दारू का लागते, ते तू विचारलं नाहीस आणि मी बोललो नाही.

आत धडधड होती, देवा. दारूच्याही आधीची. तेल्या आला त्या साली बाग डोळ्यांदेखत गेली. फळावर काळे तेलकट डाग, मग तडे, मग बांधावर ढीग. सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी. लोक म्हणाले, कर्जानं खचला. पण भाव चांगला सापडला त्या वर्षीही रात्री तीनला छातीत ढोल वाजायचाच. हात गार, तोंड कोरडं, आता मी मरतो. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा ‘काही नाही’ म्हणाले. काही नाही म्हटल्यावर माणसानं सांगायचं कुणाला? क्वार्टर घेतली की ढोल थांबायचा. थांबायचा हे काही खोटं नाही. पहाटे उतरली की दुपटीनं वाजायचा, हे कळायला मला सात वर्षं लागली. मॅडमनी पाच मिनिटांत सांगितलं: दारू भीती दाबून ठेवते आणि उतरताना तीच भीती व्याजासकट परत करते. व्याजाचं उदाहरण शेतकऱ्याला देऊ नये खरं तर, लगेच पटतं.

घरातल्या बाईनं काय काय केलं, ते तू बघितलंस. देवऋषी केला, उपास केले. रस्त्याकडेच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं, तिथला नंबर लावून तिनं पुड्या मागवल्या. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती आमटीत पुडी टाकत होती आणि तिचा हात माझ्या हातासारखाच थरथरत होता. मी मागं सरलो, ताटावर बसलो, आमटी ओरपली, एक शब्द बोललो नाही. त्या पुडीत काय होतं कोण जाणे. सोलापूरच्या डॉक्टरांनी परवा सांगितलं, दारू सोडवायची एक गोळी असते. ती पोटात असताना प्यायलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून माणसाला न सांगता ती कधी द्यायची नसते. हे ऐकून घरी आल्यावर तिच्याकडे बघवलं नाही. ती मला वाचवायला निघाली होती, आणि मी तिला विचारायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

१४४१६ हा नंबर पोराच्या शाळेतल्या भिंतीवर वाचला. सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेला, टेलिमानस म्हणतात त्याला. फुकट, रात्री-बेरात्रीही चालतो. औषधाच्या बिलामागं लिहून ठेवला आणि महिनाभर खिशात वागवला. शेवटी इथूनच, मोटरीपाशी बसून लावला. ‘मित्रासाठी विचारतोय,’ म्हणालो. पलीकडच्या मुलीनं मित्राचं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी हळूच विचारलं, मित्र जेवला का आज? मला बोलता येईना.

मग ती सोलापूरची खोली. एका कागदावर सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत काळजी किती, झोप कशी, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं का. शून्य ते तीन, गोल करायचा. ते खरं भरलं. दुसऱ्या कागदावर दारूचे दहा. तिथं पेन अडलं. ‘रोज किती?’ मी म्हणालो, ‘कधीमधी, पाहुणे आले तर.’ त्यांनी काही न म्हणता लिहून घेतलं. वर डॉक्टरांनी बजावलं, रोजची असेल तर आपल्या मनानं एकदम तोडू नका. हात कापतात, भास होतात, फिट येते, गोळ्यांच्या आधारानं उतरवावी लागते. म्हणजे आकड्यावर औषध ठरणार, आणि आकडा मी खोटा दिलेला. माळ घातल्यासारखं एका सकाळी सोडायचं, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. मला मात्र आयुष्यभर तेवढंच येत होतं.

एक गंमत सांगतो. मॅडमनी विचारलं, ‘ताण किती दिवसांचा आहे?’ मी म्हणालो, ‘चाळीस दिवस झाले, या आठवड्यात तोडायचा.’ त्या बघतच राहिल्या. त्या माझं विचारत होत्या आणि मी बागेचं सांगत होतो. दोघंही हसलो. तेवढ्यापुरता मी त्या खोलीत खरा होतो.

तुला ताण समजावून सांगायला नको, सावतोबांच्या मळ्यातला देव तू. पाणी तोडायचं, झाडाला सुकवायचं, पानं गळू द्यायची, तेव्हा कुठं बहार फुटतो. पण दिवस मोजायचे असतात. जास्त झाला की फांदी वाळते, आणि वाळलेल्या फांदीला फूल येत नाही. तोडतानाही पाट फोडायचा नसतो, पहिलं पाणी बेतानंच. आज तेच चाललंय, ठिबकच्या नळीतून थेंब-थेंब. बागेचे दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. माझे कुणी लिहिले?

अरण इथून हाकेवर. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, म्हणून तू आलास. १२९५ साली त्यांनी देह ठेवला, पण त्यांच्या पुण्यतिथीला तुझी पालखी आजही पंढरपुरातून अरणला येते. लहानपणी ते ऐकून वाटायचं, आपणही मळ्यातच राहतो, आपल्याकडंही येईल. आता तेवढा आव राहिला नाही. मी सावतोबांच्या जातकुळीचा नाही. मला जवळचे वाटतात ते लऊळचे कूर्मदास. हात नाहीत, पाय नाहीत, पैठणहून पोटावर सरपटत निघालेले. लऊळपर्यंत आले आणि पुढं सरकता येईना, एकादशी गाठता येईना. तिथंच पडून त्यांनी निरोप धाडला, आणि तू गेलास. त्यांनी पंढरपूरला पोचल्याची बतावणी केली नाही. मी आजवर तेच केलं, घरीही आणि तुझ्या दारातही.

पुण्यात मुक्तांगण आहे, सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. वेळ पडली तर तिथं राहावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या. तिथले कितीतरी समुपदेशक स्वतः त्यातून बाहेर आलेले आहेत म्हणे. पडली तर जाईन. बागेचं मेव्हणा बघेल.

मागणं फार नाही. मॅडमनी एक विचारलं होतं, त्याचं उत्तर घेऊन जायचंय: दारू नसेल त्या संध्याकाळी सातला काय कराल? मी सुचेल ते बोललो, भजनाला जाईन, पोरांचा अभ्यास घेईन. पोरं माझ्याजवळ वही घेऊन येत नाहीत, देवा. मी तापट आहे, आणि दारूच्या आधीही होतो. सगळं बाटलीवर ढकलायची सोय आता मॅडम ठेवत नाहीत. दारू वजा केल्यावर जो माणूस उरेल त्याची मला ओळख नाही, आणि त्याचीच धास्ती जास्त आहे. तर सातचा तेवढा एक तास दे. थोरली शाळेतून आली की अंगणात बसते, तिच्याजवळ न बोलता बसता येईल एवढा.

आणि तोंडातून आकडा बाहेर पडू दे. एसटीत घोकत जाईन. रोज दीड क्वार्टर. लग्नसराईत जास्त. हे बघ, तुझ्यापुढं तरी म्हणालो.

माळ खिळ्यालाच आहे. इतक्यात घालत नाही, रागावू नकोस.

दीड म्हणालो ना मघाशी? दोन.