आपल्या हातचा ब्रेक

घरातला पंखा मी स्वतः दुरुस्त केला आणि तो पुन्हा बंद पडला, तर घाम मलाच येणार. नळाचा वायसर नीट बसला नाही, तर पाणी माझ्याच मोरीत सांडणार. पण गाडीचा ब्रेक मी घरी खोलून पुन्हा जोडला आणि त्याने घाटातल्या एखाद्या वळणावर दगा दिला, तर त्याची किंमत कोण मोजणार? कदाचित मी. कदाचित शेजारी बसलेली आई. आणि कदाचित समोरून स्कूटरवर येणारं असं कुणीतरी, ज्याला माझ्या पान्यांशी आणि माझ्या हौसेशी काडीचंही देणंघेणं नाही.

म्हणून हा प्रश्न 'जमेल का?' एवढाच नाही. यूट्यूबवर बघून पुष्कळ गोष्टी जमतात. प्रश्न असा, की ज्या कामाचा धोका दुसऱ्यावर पडतो, ते काम प्रमाणपत्र नसताना स्वतः करण्याचा मला नैतिक हक्क आहे का?

आमची गाडी जुनी आहे. चिपळूणचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. पावसाळाभर गाडी दारात उभी राहिली, की खालच्या प्रत्येक लोखंडी भागाला गंज गाठतो. यंदा पुढचं उजवं चाक जड झालं. थोडं चालवून थांबलं, की त्या चाकापाशी करपल्यासारखा वास यायचा आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. गॅरेजच्या भाषेत, कॅलिपर जाम झाला होता.

कॅलिपर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात बघू, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या पोटात आहे. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी एक लोखंडी तबकडी असते. कॅलिपर तिला चिमट्यासारखा धरतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबलं जातं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. समजा मास्टर सिलिंडर २० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा, तर पिस्टनवरचं बळ सातपटीहून जास्त होतं. तो पिस्टन पॅडला तबकडीवर रेटतो आणि गाडी थांबते.

खरी गंमत पुढे आहे. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग तिथे नसतेच. पिस्टनभोवती चौकोनी काटाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे खेचते. दीड टनाच्या आसपासची गाडी मोकळी पळते की घासत पळते, हे त्या केसभर अंतरावर ठरतं. बाहेरचं रबरी कव्हर फाटलं, आत पाणी गेलं, पिस्टनला गंज चढला, की सीलची ताकद पुरत नाही. किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या कोरड्या पडतात. पॅड चिकटून राहतो, तबकडी तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ आहे. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. कुंभार्ली घाट उतरताना असं होणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

नवा कॅलिपर काही हजारांना येतो. सील आणि कव्हर असलेलं रबर किट काही शेकड्यांत मिळतं. माझ्याकडे पाने होते, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल होतं आणि रिकामा रविवार होता. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तू गाडीत बसणार, मी बसणार, ते आपलं आपण ठरवलं. समोरून येणाऱ्याला कुणी विचारलंय?"

या वाक्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. पाना खाली ठेवला आणि विचार करत बसलो.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली 'विश्वासाचं नीतिशास्त्र' या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याच्या मनात येतं. पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्डचं म्हणणं असं, की मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, पण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता, कारण तो तपासणीतून आला नव्हता, शंका दाबून आला होता. याहून कठोर गोष्ट पुढे आहे. जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी ठरला असता. फक्त ते कुणाला कळलं नसतं.

हे वाचल्यावर आईचा प्रश्न मला वेगळ्या रूपात दिसला. 'माझा ब्रेक लागेल का?' हे भविष्य आहे, ते माझ्या हातात पूर्णपणे नाही. 'माझा ब्रेक लागेल, असं मानायला माझ्याकडे पुरेसा आधार आहे का?' हे मात्र आज, इथे, माझ्या हातात आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९० हेच सांगतं. धोकादायक दोष ठाऊक असताना गाडी रस्त्यावर आणणं जसं गुन्हा आहे, तसंच साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, तो घेऊन फिरणं हासुद्धा. 'मला माहीत नव्हतं' ही सबब तिथे फार लांब जात नाही.

मग आधार कसा तयार होतो? हौसेने नाही. एकेका तपासणीने.

पहिली तपासणी निदानाची. चाक अडकलं म्हणजे कॅलिपरच बिघडला असं नाही. ब्रेकचा रबरी पाइप जुना होऊन आतून सुजला, तर ऑइल जातं पण परत येत नाही आणि लक्षण अगदी तसंच दिसतं. अडकलेल्या चाकाचा ब्लीडिंग निपल किंचित ढिला करायचा. दाब सुटून चाक मोकळं फिरलं, तर दोष पाइपकडे किंवा त्याच्याही वर; नाही फिरलं, तर कॅलिपरकडे. आमचं फिरलं नाही. नुसतं किट आणून बसवलं असतं आणि दोष भलतीकडेच असता, तर ते क्लिफर्डचं जहाजच होतं.

दुसरी तपासणी थांबण्याची. पिस्टन दाबाने बाहेर काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवायचा, बोटं कधीच नाही. बाहेर आल्यावर जिथे सील टेकते त्या पट्ट्यावर नख फिरवायचं. गंजाने खड्डे पडले असतील तर काम तिथेच थांबतं. पॉलिश पेपर मारून पिस्टन चकचकीत करता येतो, पण त्यावरचा मुलामा उडतो आणि गंजाला नवं दार मिळतं. दिसायला दुरुस्त आणि असायला नादुरुस्त, अशी ही अवस्था. आमच्या पिस्टनवर दोन खड्डे होते. तो भंगारात गेला, नवा आणला. किट काही शेकड्यांचं म्हणून सुरू झालेल्या कामाचा हिशेब तिथेच बदलला. पण स्वतः दुरुस्ती करण्याचा खरा कस मला इथेच दिसतो. जो 'एवढ्याने चालेल' असं स्वतःला सांगू शकतो, त्याने हे काम घेऊ नये, मग तो घरी असो नाहीतर गॅरेजात.

बाकीच्या गोष्टी मॅन्युअलमध्ये होत्या. सीलला ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं खास ग्रीस; साधं ग्रीस, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं तर ते रबर फुगतं. पाइपच्या जोडाला नवे तांब्याचे वायसर. बोल्ट सांगितलेल्या टॉर्कलाच आवळायचे. हवा पूर्ण काढायची. मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायचं आणि दुसऱ्या कुणीतरी सांधे कोरडे आहेत का ते बघायचं. चाक हाताने मोकळं फिरतंय ना? मग रिकाम्या मैदानात, सायकलच्या वेगाने पहिली चाचणी.

इथे कुणीही विचारेल, एवढं सगळं करण्यापेक्षा गॅरेजला देऊन मोकळं का होऊ नये? हा आक्षेप हलका नाही. मेकॅनिकने हे काम शेकडो वेळा केलेलं असतं. हातांना जे कळतं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. मी ते करतो तेव्हा तो माझा पहिला कॅलिपर असतो. उलट बाजूने, गॅरेजच्या दारात आठ गाड्या उभ्या असतात आणि माझ्यापुढे एकच. त्याच्याकडे सराव आहे, माझ्याकडे वेळ आहे. दोन्हींपैकी एकानेही ब्रेक आपोआप लागत नाही.

पण आपण गॅरेजला गाडी देतो तेव्हा आणखी एक गोष्ट नकळत देऊन टाकतो. जबाबदारी. बिल हातात आलं, की मन हलकं होतं. काही चुकलं तर 'त्याने केलं' म्हणता येतं. मला वाटतं, आपल्याला पुष्कळदा सुरक्षिततेपेक्षा ही सुटकाच हवी असते. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला मात्र बिलावर कुणाचं नाव आहे, याने काही फरक पडत नाही.

तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी नैतिक नशिबाबद्दल लिहिताना नेमकं ब्रेकचंच उदाहरण घेतलं आहे. ज्याने बरेच दिवस ब्रेक तपासून घेतलेले नाहीत, अशा ट्रकचालकापुढे अचानक एखादं मूल आलं, तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल. तेवढाच निष्काळजी असलेला दुसरा चालक, ज्याच्यापुढे मूल आलंच नाही, तो रात्री निवांत झोपेल. चूक सारखी, फरक नशिबाचा. आपल्यातले कितीतरी जण हे दुसरे चालक आहेत. दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदललेलं नाही, चाकाचा आवाज गाणी मोठी लावून झाकलाय आणि अजून कुणी समोर आलेलं नाही, म्हणून आपण स्वतःला सज्जन समजतो. घरी दुरुस्ती करणाऱ्याला बेजबाबदार म्हणताना हेही लक्षात ठेवावं, की हात न लावणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही आहेत. माहिती आणि सुटे भाग कंपनीने स्वतःपाशी दडवून ठेवू नयेत, ही मागणी मला पूर्ण पटते. पण हक्क हा शब्द ब्रेकजवळ आला की त्याच्यासोबत दुसरा शब्द यायलाच हवा. मोबाइल खोलण्याचा हक्क मी कुणालाही न विचारता वापरू शकतो. ब्रेक खोलण्याचा हक्क मला परक्या माणसाच्या वतीने वापरावा लागतो. तो तिथे हजर नाही, म्हणून त्याच्या बाजूने शंका घेण्याचं कामही मलाच करावं लागतं.

ज्यांनी ब्रेक बनवले त्यांनी ही शंका आधीच घेतली आहे. आजच्या गाडीत ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी म्हणून. ही रचना मला फार नम्र वाटते. यंत्र बनवणाऱ्याने 'माझ्याकडून चूक होणार नाही' असं धरलेलंच नाही. मग मी तरी का धरावं?

म्हणून मी दुसरा मार्ग म्हणून दुसऱ्याचे डोळे शोधले. आमच्या आळीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या काकांना म्हटलं, काम मी केलंय, तुम्ही तपासा आणि तपासणीचे पैसे घ्या. ते हसले. मग खाली बसून त्यांनी चाक फिरवलं, सांधे बघितले, पेडल दाबलं, एक चक्कर मारून आले आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे का ते पाहिलं. मी विचारलं, तुम्ही ब्रेकचं काम केल्यावर कोण तपासतं? ते म्हणाले, "गाडी आधी मीच चालवतो. उतारावर. मग गिऱ्हाइकाला देतो."

त्या वाक्यात मला अर्ध उत्तर मिळालं. आपल्या कामाचा पहिला धोका आपण घ्यायचा. उरलेलं अर्ध उत्तर आईच्या प्रश्नात होतं: दुसरा धोका ज्याच्यावर पडतो, त्याला विचारता येत नसेल, तर निदान त्याला तोंड दाखवता येईल एवढा आधार गोळा करायचा. तो समोर येऊन 'कशावरून?' म्हणाला, तर मला एकेक गोष्ट सांगता आली पाहिजे. निपल ढिला करून काय दिसलं, पिस्टन का फेकला, वायसर कुठले घातले, कुणी तपासलं.

तेवढं सांगता येत असेल, तर मला वाटतं हक्क आहे. प्रमाणपत्र असून तेवढं सांगता येत नसेल, तर नाही.