दोष आणि ऋण

अहमदाबादच्या कालुपूर स्थानकापासून रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस गेले की सरसपूर, राजपूर, गोमतीपूर, रखियाल ही उपनगरे लागतात. नोकरीनिमित्त त्या नगरात जाऊन राहिलेल्या मराठी मंडळींना साबरमतीचा पश्चिम तीर परिचयाचा असतो. पूर्वेकडे जाण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. तथापि नगराचे शील त्याच्या कष्टकरी वस्तीत जितके स्पष्ट दिसते तितके राजमार्गावर दिसत नाही, असे आम्हांस वाटते. त्या वस्तीचा इतिहास वाचताना एक प्रश्न आमच्यापुढे सतत उभा राहतो. ज्या अन्यायात कोणी एक अपराधी सापडत नाही, त्याची भरपाई करावयाची कोणी?

हे पुरे गिरण्यांहून पुष्कळ जुने आहेत. अहमदशहाने १४११ साली नगर वसविले. पुढे तटाबाहेर जी वस्ती वाढली, तिच्या खुणा राजपूर-गोमतीपुरातील जुन्या मशिदीच्या रूपाने आजही उभ्या आहेत. रणछोडलाल छोटालाल या सरकारी नोकरीतून बाहेर पडलेल्या गृहस्थाने १८६१ मध्ये शहरातील पहिली कापड गिरणी चालू केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईची रेल्वे येऊन मिळाली, आणि रुळांच्या पलीकडे धुराडी उभी राहू लागली. गुजरातच्या खेड्यांतून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आणि काही प्रमाणात महाराष्ट्रातूनही माणसे आली. त्यांच्यासाठी चाळी बांधल्या गेल्या. मुंबईकर वाचकाने येथे मजल्यांची इमारत डोळ्यांपुढे आणू नये. अहमदाबादची चाळ म्हणजे एका ओळीत जमिनीलगत बांधलेल्या एकेका खोलीची रांग.

या वस्तीत सारे काही उज्ज्वल होते, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. सूतकताईचे खाते बहुतांशी दलितांचे आणि विणकामाचे खाते इतरांचे, हा भेद गिरणीच्या भिंतींआडही टिकून राहिला. ‘बदली’ हा शब्द आपणां नोकरदारांना बिऱ्हाड हलविण्याची आठवण करून देतो. गिरणीत त्याचा अर्थ निराळा होता. कायम कामगार गैरहजर राहिला तर आपला नंबर लागेल या आशेने रोज सकाळी फाटकाशी उभा राहणारा तो बदली कामगार.

तरीही १९१८ सालचा तंटा येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्लेगच्या काळात दिलेला बोनस गिरणीमालकांनी बंद केला, तेव्हा विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले. गांधीजींनी हिशेब करून पस्तीस हा आकडा न्याय्य ठरविला. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली; १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले; तीन दिवसांत समेट होऊन प्रकरण आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेले, आणि पुढे निवाडा पस्तीस टक्क्यांचाच आला. मालकांच्या अग्रभागी अंबालाल साराभाई होते आणि मजुरांच्या बाजूस त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. या लढ्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन ही संस्था उभी राहिली. तंटा कडवा होता; परंतु प्रत्येक पक्षाला समोर एक चेहरा दिसत होता. मागणी कोणापाशी करावयाची, हे गोमतीपुरातल्या विणकराला ठाऊक होते.

गेल्या शतकाच्या नवव्या आणि दहाव्या दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा हाच चेहरा नाहीसा झाला. मालक तोट्याचे ताळेबंद दाखवीत. तज्ज्ञ जुनाट यंत्रांकडे, यंत्रमागांच्या स्पर्धेकडे आणि कृत्रिम धाग्याकडे बोट दाखवीत. बँका कर्जाचे आकडे पुढे करीत, शासन आपले धोरण. गिऱ्हाइकाला तर टिकाऊ आणि इस्त्री न लागणारे स्वस्त कापड हवे होते. ते आपल्याच वडीलधाऱ्यांनी हौसेने शिवून घेतले. प्रत्येकाचे म्हणणे बव्हंशी खरे होते. परंतु या खऱ्या म्हणण्यांची बेरीज अशी झाली की हजारो कुटुंबे उघड्यावर आली. कंपनी कायद्यात १९८५ साली दुरुस्ती होऊन गिरणी निकालात निघाल्यावर कामगारांच्या देण्याला तारण घेऊन बसलेल्या सावकारांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. पण हक्क कागदावर येणे आणि रक्कम हातात पडणे यांमध्ये कित्येकांचे वार्धक्य सरून गेले.

येथे आम्हांस दोष आणि ऋण यांतील भेद महत्त्वाचा वाटतो. दोष मागे पाहतो. हे कोणी केले, एवढेच तो विचारतो. तो पुष्कळांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की कोणालाच टोचत नाही. ऋणाचे तसे नाही. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. जन्मास येण्यात कोणाचाही अपराध नसतो, तरी देणे लागते. कारण आपण आयते काही घेतलेले असते. अहमदाबादवर १७५८ ते १८१७ पर्यंत मराठ्यांचा अंमल होता आणि त्या काळातील वसुलीची आठवण तेथे गोड नाही. तिचा दोष आजच्या मराठी माणसाकडे येत नाही. मात्र ज्या नगरात आपण सन्मानाने वेतन घेऊन राहतो, त्याचे देणे येते.

सर्वांचे ऋण म्हणजे कोणाचेच नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर म्हणून इला भट्ट यांचे उदाहरण पुरेसे आहे. मजूर महाजनाच्या महिला विभागात काम करीत असता, ओझी वाहणाऱ्या आणि घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना कायदा कामगारच मानीत नाही, हे त्यांनी पाहिले. ती उणीव त्यांनी निर्माण केली नव्हती. परंतु त्या वकील होत्या आणि संघटनेचे साधन त्यांच्या हाती होते. म्हणून १९७२ मध्ये ‘सेवा’ उभी राहिली. ऋणाचा वाटा ज्याच्या हाती जे असेल त्यावरून ठरतो.

आपल्या हाती काय असते? एक टेबल, काही नोंदी आणि कोणातरी वृद्धाचा भविष्यनिर्वाह निधीचा किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज. नावाच्या अक्षरांत फरक आहे म्हणून तो परत पाठविण्यात नियमाचा भंग होत नाही, आणि कोणी आपणांस दोषीही ठरविणार नाही. तोच अर्ज ठेवून घेऊन जुन्या नोंदवहीत ते नाव शोधण्यातही नियमाचा भंग होत नाही. फक्त अर्धा तास अधिक लागतो. तो अर्धा तास आपण देणे लागतो.