कोऱ्या कागदावरचा अंगठा

एक रुपयात पीक विमा भरता येत होता, त्या काळातल्या जुलैची ही गोष्ट. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या एका बाजारगावात बापूचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा, केंद्राला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. दिवसा पोर्टल रेंगाळायचं, म्हणून बापू रात्री उशिरापर्यंत बसायचा. टेबलावर सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याच्या स्वयंघोषणापत्रांचा ढीग.

पोर्टलला फाइल लहान लागायची आणि स्कॅन केलेला कागद मोठा व्हायचा. बापूनं 'पीडीएफ लहान करा' असं शोधलं. उघडलेल्या पानावर तीन हिरवी डाउनलोड बटणं होती, त्यांतली दोन जाहिरातींची. बाहेर रांग उभी असताना खरं बटण कोणतं हे बघायला तो थांबला नाही. पहिलंच दाबलं. मग 'पुढे', 'पुढे', 'मान्य'. त्या 'मान्य'च्या वर काही चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या: आणखी दोन प्रोग्राम बसवायची परवानगी, ब्राउझरचं पहिलं पान बदलायची परवानगी. अँटिव्हायरसनं हटकलं, तर नव्या प्रोग्रामनंच सुचवलं की तो थोडा वेळ बंद ठेवा. बापूनं बंद केला तो पुन्हा चालू केलाच नाही. मशीन हलकं चालतंय, असं त्याला वाटलं.

फाइल खरोखरच लहान झाली. अशा सॉफ्टवेअरवर विश्वास बसतो तो यामुळेच. सांगितलेलं काम ते करून दाखवतं.

दोन दिवसांत पडद्यावर रमीच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती उसळायला लागल्या. बापू त्या बंद करत राहिला. जाहिरात निदान डोळ्यांना दिसते, चीड तरी आणते. तिच्यासोबत आलेला दुसरा प्रोग्राम दिसत नव्हता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो वाचत होता आणि कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून बाहेर पाठवत होता. त्या संगणकावर विंडोज 7 होतं. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या सर्वसाधारण ग्राहकांसाठी 14 जानेवारी 2020 लाच थांबल्या होत्या. त्यात भर म्हणजे बापूचा भाचा दुपारी त्याच मशीनवर क्रॅक केलेले गेम खेळायचा.

मुदत संपायला चार दिवस होते. सकाळी बघतो तर केंद्राचं वॉलेट रिकामं, आणि त्याच्या आयडीवरून त्यानं कधी न भरलेले अर्ज गेलेले. दुपारपर्यंत चौकशीसाठी आयडी बंद झाला. शटरसमोर माणसं जमली. "हॅकरनं केलं, माझा काय दोष?" एवढंच बापू प्रत्येकाला सांगत होता.

गर्दीत एक म्हातारी होती. आयुष्यभर दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली. ती म्हणाली, "पैशाचं राहू दे लेकरा. मह्या कागदाचं काय झालं?"

बापूला उत्तर देता येईना. गावातल्या बहुतेकांचे आधार आणि पासबुकं त्याच्या डेस्कटॉपवर नावानिशी पडून होती. अर्ज भरून झाल्यावर ती पुसावीत, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"आमच्या ह्यांनी मुकादमाकडून उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता," म्हातारी म्हणाली. "आकडा त्यानं मागून भरला. तो फेडायला किती पट्टे गेले, मलाच ठाव. तुह्या मशीनवर अंगठा ठेवताना भ्या वाटलं न्हाई, कारण तू आपला व्हता."

अंगठ्याच्या यंत्रातून ठसा सांकेतिक रूपातच पुढे जातो, असं बापू सांगू शकला असता, आणि ते खरंही होतं. पण आधारचा नंबर, खात्याचा नंबर, जमिनीचा गट हे सगळं उघड्या फाइलींत होतं. माझ्या मते म्हातारीचा प्रश्नच या प्रकरणात महत्त्वाचा आहे. संगणक बापूचा होता, त्यातली माहिती बापूची नव्हती.

'आपल्या धुळकट दुकानाकडे कोण बघणार' ही समजूत फार महागात पडते. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत तिचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. तिथेही आत शिरलं होतं ते एक घातक सॉफ्टवेअरच, आणि एटीएममधून पैसे उचलले गेले ते 28 देशांत. मोठ्यांना हेरून गाठतात. लहान दुकानाला हेरायचीही गरज नसते, कारण असा प्रोग्राम फुकट वाटला जातो आणि जो उचलेल तो सापडतो.

त्या दुपारी बापूनं सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, बीडला जाऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. मग वही घेऊन तो घरोघर फिरला. काय गेलं असू शकतं ते स्पष्ट सांगितलं, लोकांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, बँकेत कळवायला लावलं. काहींनी शिव्या दिल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या.

आयडी परत मिळाला तोवर मुदत संपली होती. संगणक त्यानं पूर्ण पुसून घेतला, परवान्याची चालू विंडोज घातली. रोजच्या कामाला वेगळं खातं केलं, त्यातून नवा प्रोग्राम बसतच नाही. पासवर्ड ब्राउझरमधून निघाले. लागेल ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच यायला लागलं. भाच्याचे गेम बंद झाले. अर्जाची पावती हातात दिली की बापू शेतकऱ्यासमोर त्याच्या फाइली कायमच्या पुसतो. याला दर अर्जामागे थोडा वेळ जास्त लागतो. रांग कुरकुरते, म्हातारी कुरकुरत नाही.

तुमचं आडत दुकान असो, मेडिकल असो की पतसंस्था, आज शटर ओढण्याआधी संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामची यादी उघडा. जो तुम्ही बसवलेला आठवत नाही, त्याची जाणकाराकडून चौकशी करून तो काढून टाका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणीची साधनं मोफत मिळतात. आणि काही गेल्याचं लक्षात आलं, तर आधी 1930 ला फोन करा आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकांना सांगा.