काठावरची कमची

डेलॉसची चित्रं भाचीनं मोबाइलवर दाखवली, तिथून हे सुरू झालं. ग्रीसमधलं ओसाड बेट, पुराणात अपोलोचा जन्म तिथला, आणि उघड्यावर संगमरवरी सिंहांच्या प्रतिकृतींची रांग. मिकोनोसहून सकाळी बोटीनं जायचं, दिवसाउजेडी परतायचं, मुक्कामाला मनाई. समुद्रावर वारा उठला की त्या दिवशी बोटच सुटत नाही, हेही ती सांगत होती. ते मी अर्धवट ऐकलं.

माय म्हणाली, "आपला मार्कंडाबी नदीवरच हाय."

तिचं माहेर सावलीकडचं. लहानपणी मार्कंड्याच्या देवळात महाशिवरात्रीच्या जत्रेला ती वैनगंगा डोंग्यानं ओलांडून गेलेली. ब्रह्मपुरीहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असा सरळ रस्ता आहे, पण तिला नदीवरूनच जायचं होतं. मी कागद घेतला आणि आखणी केली. सहाला निघायचं, नऊला घाट, साडेनऊला पलीकडे, चारला परत. माणसं 5, डबे 2. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात तिथं आला होता आणि देवळावरच्या 409 मानवी आकृत्यांची नोंद करून गेला. त्या सगळ्या मोजायच्या, असंही कागदावर लिहिलं.

दिवाळीआधीची सकाळ. आभाळ निरभ्र. घाटावर म्हातारे ढिवरबाबा जाळं सांधत बसले होते. मी कागद पुढं केला. तो त्यांनी हातात घेतला नाही. उठले आणि मला पाण्याच्या कडेला घेऊन गेले. चिखलात बांबूची कमची रोवलेली, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा.

"पहाटेस हे खाच कोरडी होती," ते म्हणाले. खाच आता चार बोटं पाण्याखाली होती.

"पण पाऊस कुठं आहे, बाबा?"

"पानी वरून येते."

वर म्हणजे गोसीखुर्दचं धरण. तिकडे दारं उघडली की इकडे लख्ख उन्हातही नदी चढते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. 2020 च्या ऑगस्टअखेरीस आमच्याच तालुक्यातली गावं अशीच पाण्यात गेली होती. लाडज गाव तर एरवीही चहूबाजूंनी नदीनं वेढलेलं. तिथल्या लोकांसाठी आम्ही रात्रभर जागे होतो. तरीही मी दुप्पट पैसे देऊ केले. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

बाबा रागावले नाहीत. "जाचं सोडा. वापस कवा येता?"

"चारला."

"चार वाजता पानी कोटी राहीन?"

कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

माय काठावरच बसली. तिनं डबा सोडला, बाबांना भाकर आणि वांग्याची भाजी दिली. जेवताना ते तिला म्हणाले, "देऊर कोटी जात नाही, माय. माघात ये."

माघात, जत्रेच्या आधी, आम्ही गेलो. या वेळी वेळ मी ठरवली नाही, बाबांना फोनवर विचारली. उन्हं कलायच्या आधी परत, एवढंच त्यांनी सांगितलं. डोंगा अरुंद, मायनं दोन्ही हातांनी काठ धरले होते आणि चेहरा मात्र जत्रेला निघालेल्या पोरीचा. वैनगंगा इथं वळण घेऊन उत्तरेकडे जाते, ते वळण तिनंच आम्हाला दाखवलं. कधीकाळी या देवळावर वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला, आणि पुढं एका गोंड राजानं जाडजूड खांब देऊन मंडप सावरला, हे मी वाचलेलं. तिला ते वाचल्याशिवायच माहीत होतं.

मी पेन्सिल घेऊन भिंतीशी उभा राहिलो. पाच पाच आकृत्या झाल्या की कागदावर एक रेघ. दगडातल्या एका बाईच्या बोटांची पेरंसुद्धा वेगळी दिसत होती. तिच्यापाशी मी फार वेळ रमलो. 212 वर आलो तेव्हा बाबांची हाक आली. सूर्य अजून वर होता, निम्मी भिंत बाकी. मी त्या आकड्याखाली रेघ ओढली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

काठावर पोचलो तेव्हा माय आमच्या पुढं होती. बाबांनी या काठालाही एक कमची रोवली होती. माय वाकली, खाच पाहिली, आणि मगच डोंग्यात पाय टाकला.