पूषापर्यंत

तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी मी देवापुढे वाचायला बसले ती उठलेच नाही. म्हणजे तसं काही अशुभ झालं नाही. उठता आलं नाही, एवढंच. श्रावणात ज्ञानेश्वरी वाचायचा आमच्या घरचा रिवाज आहे. त्या दिवशी तेरावा अध्याय होता. त्यात म्हातारपणाचं वर्णन येतं, आणि ते कुणाची भीडमुर्वत न ठेवता केलेलं आहे. ज्ञानदेवांनी हे सांगितलं शके १२१२ मध्ये; परंपरेच्या हिशेबाने तेव्हा त्यांचं वय पंधरा-सोळा. पुढे येणारं म्हातारपण तरुणपणीच नीट बघून ठेवावं, असं हा मुलगा सांगतो. मी ते एकोणसत्तराव्या वर्षी वाचत होते, म्हणजे उशीरच झाला होता. पोथी मिटली, नमस्कार केला, एक हात जमिनीला टेकला आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. समईचा आधार घ्यायला गेले तर तीच कलंडली. तेल सांडलं. मग बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत गेले आणि दाराची चौकट धरून कशीबशी उभी राहिले. पाटापासून उंबरा सात-आठ फूट. अर्धा तास लागला. घरात कुणी नव्हतं हे बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी वाईची. चौतीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलं. मुलगी पुण्यात असते. तिने सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही, पण मला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. ती मुलगी माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाची असेल. म्हणाली, "काकू, दोन्ही हात छातीवर घ्या आणि अर्ध्या मिनिटात या खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते बघू." सहा वेळा जमलं. तुमच्या वयाला निदान अकरा तरी हवेत, असं ती म्हणाली. परीक्षेत मी पहिल्यांदाच नापास झाले.

घरी आल्यावर आकडे मोजायचा कंटाळा आला. माझे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथे राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते, आणि वडिलांची ती सवय जन्मभर टिकली. त्यांच्या तोंडून सूर्याची बारा नावं ऐकतच आम्ही जागे होत असू. मला नमस्कार घालणं आता शक्य नाही, पण खुर्चीवरून एकदा उठायला एक नाव, असं मी ठरवलं. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा. सहाव्या नावाला दम संपला. हसू आलं, कारण पूषा हा वैदिक देवांतला बोळका देव. त्याला दात नाहीत, म्हणून त्याचा हविर्भाग दळून, कालवून द्यावा लागतो. आणि रस्ते राखणं, हरवलेली गुरं शोधून आणणं हे त्याचं काम. दात पडले तरी काम सुटलेलं नाही. पहिल्या दिवशी मी बरोबर जिथे थांबायचं तिथेच थांबले होते.

माझा क्रम साधा आहे. खुर्ची भिंतीला टेकलेली, म्हणजे मागे सरकत नाही. दूध तापत असतं तोवर ओट्याला धरून टाचा वर-खाली. देवघराच्या भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं. बोट काढता आलं तर काढायचं. भिंतीवर तळवे टेकून स्वतःला मागे लोटणं. पाण्याने भरलेले दोन तांबे खांद्यापर्यंत. मग पडवीत वीस मिनिटं चालणं. शेवटी कॉटजवळ जमिनीवर बसायचं आणि उठायचं, दोनदा. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यात दीडशे मिनिटं तरी चालण्यासारखी हालचाल करावी आणि निदान तीन दिवस तोलाचा व ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. माझा हिशेब साधारण त्यात बसतो.

माझे धाकटे दीर माळकरी. बावीस वर्षं लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर चालत जातात. एकदा सकाळीच आले तर मी पडवीत तांबे उचलत होते. म्हणाले, "वहिनी, या वयात देहाचे चोचले कशाला? नाशिवंत तो. नाम घ्यावं, स्वस्थ बसावं."

मी म्हटलं, "भाऊजी, मग तुम्ही वारीच्या आधी महिनाभर रोज पहाटे धोमच्या रस्त्याला चालत का जाता?"

"ते वारीसाठी."

"आणि हे पोथीसाठी. जमिनीवर बसून वाचायची म्हणून."

ते गप्प झाले, पण मी जिंकले असं मला वाटलं नाही. कारण त्यांचा प्रश्न खरा होता. जे जाणार हे ठरलेलं आहे, त्यावर रोज पाऊण तास खर्च करणं ही आसक्ती नव्हे का? त्या पाऊण तासात एक माळ झाली असती.

आयुर्वेदशास्त्राला विचारावं तर तेही माझ्या बाजूने नव्हतं. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाचे गुण सांगितले आणि लगेच पुढे वातपित्ताचा रोगी, लहान मूल, अजीर्ण झालेला आणि म्हातारा यांनी तो टाळावा असंही लिहिलं. बलवानानेसुद्धा तो निम्म्या शक्तीनेच करावा, असा त्याचा दंडक. हे वाचून मी दोन दिवस खुर्चीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आजी आठवली. आजीने आयुष्यात व्यायाम केला नाही. पण तिची चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवण पाटावर, झोप सतरंजीवर. सारवायला उकिडवी, निवडायला मांडी घालून. ऐंशीव्या वर्षी ती दिवसातून तीस-चाळीस वेळा जमिनीवरून उठत असेल आणि ते कुणी मोजत नव्हतं. वाग्भटाच्या म्हाताऱ्यांचंही जगणं असंच असणार. त्यावर आणखी दमणूक त्यांनी करू नये हे योग्यच. माझ्या घरात मात्र ओटा आला, टेबल आलं, कॉट आली, कमोड आला. प्रत्येक वस्तूने मला थोडं थोडं वर उचललं आणि जमीन माझ्या घरातून कधी निघून गेली ते कळलंच नाही. देव तेवढे खाली राहिले. म्हणून फजिती त्यांच्यासमोर झाली.

म्हणजे वाग्भट सुटला. भाऊजींचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्याच्या खाली आणखी एक प्रश्न होता. तो मी कुणाला सांगत नसे.

हे, म्हणजे माझे यजमान, रोज मेणवलीपर्यंत चालत जायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन. विडी-तंबाखू नाही, जेवण मोजकं. अडुसष्टाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांना कूस बदलून देताना त्यांच्या पोटऱ्या माझ्या हाताला लागायच्या. चाळीस वर्षं चाललेल्या माणसाच्या पोटऱ्या. महिन्या-महिन्याने सैल होत गेल्या. भेटायला येणारे म्हणायचे, "इतकी काळजी घेणारा माणूस, काय उपयोग झाला?" हे गेल्यावर मलाही तेच वाटत होतं. माझी सहा-सात वर्षं त्या "काय उपयोग"मध्ये गेली, आणि गुडघे तेवढ्यात निकामी झाले.

उत्तर मिळालं ते मी शिकवत असे त्याच विषयात. वाईत राहून मीमांसा टाळता येत नाही. सात खंडांचा मीमांसाकोश इथल्याच केवलानंद सरस्वतींनी केला. माझा अभ्यास तेवढा नाही, पण कर्माचे प्रकार मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे: नित्य, नैमित्तिक, काम्य. पुत्र हवा, पाऊस हवा, स्वर्ग हवा म्हणून करायचं ते काम्य. ग्रहणाचं स्नान नैमित्तिक. रोजची संध्या नित्य. नित्यकर्माची गंमत अशी की ते केल्याने पदरात नवं काही पडत नाही, असं एक मत आहे. न केलं तर मात्र दोष लागतो. त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. विद्यार्थिनी असताना मला हा व्यवहार तोट्याचा वाटे. नफा नाही आणि चुकलं की दंड!

सत्तरीतला व्यायाम हुबेहूब असा आहे. विशीतला व्यायाम काम्य असतो. दंड भरतात, छाती रुंदावते, आरशात फळ दिसतं. आता आरशात काहीच दिसत नाही. आहे ते आहे तिथे राहिलं तर पुष्कळ. सहा महिन्यांत मी पूषापासून भास्करापर्यंत, बाराव्या नावापर्यंत पोचले. त्याला दोन वर्षं झाली, तेरावं नाव आलेलं नाही. रोज करून मी रोज तिथेच आहे.

आणि प्रत्यवाय? शंकराचार्यांनी या कल्पनेवर बोट ठेवलं आहे. न करणं हा अभाव. अभावातून दोष नावाची खरीखुरी वस्तू कशी उत्पन्न होईल? तर्क बिनतोड आहे. पण गेल्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला, वाकायची मनाई झाली, आणि भीतीपोटी मी चालणंसुद्धा सोडून तीन आठवडे बसून राहिले. पुन्हा खुर्चीवर आले तर आठव्या नावाला, मरीचीला, पाय थरथरायला लागले. चार नावं गेली होती. मी काहीही केलं नव्हतं, आणि त्या काही न करण्यातून एवढं खरंखुरं उत्पन्न झालं होतं. भाऊजींना म्हटलं, "आचार्य बत्तिसाव्या वर्षी गेले म्हणतात. म्हाताऱ्या मांडीत अभाव काय काय करतो हे त्यांना कळायला वेळच मिळाला नाही." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, पण हसले.

यांचं चालणं फुकट गेलं का, या प्रश्नाची धारही मग बोथट झाली. लोक "काय उपयोग" विचारत होते, कारण ते त्या चालण्याला काम्य समजत होते. मीही समजत होते. इतकी पावलं घातली तर इतकी वर्षं मिळतील, असा जणू करार. यांनी तसा करार केल्याचं मला आठवत नाही. छत्री उघडायची, मेणवलीच्या घाटावर जाऊन तिथल्या घंटेकडे बघायचं, परत यायचं. संध्येसारखं. संध्या करणाऱ्याला पक्षाघात झाला तर संध्या फुकट गेली असं कुणी म्हणत नाही.

माझ्या व्यायामात कामना मुळीच नाही असा दावा मी करणार नाही. मुलीवर भार पडू नये ही कामनाच आहे, आणि तिच्यात थोडा अभिमानही आहे. यांना कूस बदलून देताना मला भार झाला होता का? झाला होता. तरी ते दिवस मी कुणाला देऊन टाकले नसते. मग मुलीचा तो वाटा मी आधीच का नाकारते? याचं उत्तर माझ्यापाशी नाही. एवढं कळतं की ही कामना धरून बसले तर ती ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी व्यायामही मोडेल. म्हणून रोज सकाळी ती बाजूला ठेवायचा प्रयत्न करते. कधी राहते बाजूला, कधी खुर्चीवर माझ्या आधी येऊन बसते.

आसक्तीविषयी विचार करताना मला विनोबा आठवतात. १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईलाच वेदान्त शिकायला आले होते, नारायणशास्त्री मराठ्यांकडे; हेच शास्त्रीबुवा पुढे केवलानंद झाले. गांधीजींना पाठवलेल्या पत्रात विनोबांनी उपनिषदांबरोबर तब्येतीचाही हिशेब दिला: आधी मैलोन्मैल चालणं, मग जात्यावर दळण, मग रोज तीनशे सूर्यनमस्कार. ब्रह्मसूत्रांचं शांकरभाष्य आणि तीनशे नमस्कार एकाच दिनक्रमात. पंचावन्नाव्या वर्षी भूदानासाठी चालायला लागले ते तेरा वर्षं चालले. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न आणि औषध थांबवलं, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत रेडिओ लावून ठेवलेला असे. त्या शेवटाविषयी बोलायचा मला अधिकार नाही आणि ती माझी वाटही नाही. मला नवल वाटतं ते या गोष्टीचं की देह इतका नीट वागवणं आणि त्यात इतकं कमी अडकणं एकाच माणसाला जमलं. भाऊजी म्हणतात तशी ही दोन टोकं असती तर ते जमलं नसतं.

मीमांसेत आणखी एक गोष्ट आहे. तिचा मला सगळ्यांत मोठा आधार वाटतो. कर्म सांगितलेलं असतं ते समर्थाला. सामर्थ्य गेलं की अधिकार गेला, आणि अधिकार नाही त्याला प्रत्यवाय नाही. ही नावं कधीतरी उलट्या क्रमाने जातील. भास्कर जाईल, अर्क जाईल, पुन्हा पूषापर्यंत येईन, आणि एक दिवस पहिल्या मित्रालाही उठता येणार नाही. त्या दिवशी मी काही चुकवलेलं नसेल. यांनीही त्या दोन वर्षांत काही चुकवलेलं नव्हतं. पडल्या पडल्या नावं घेता आली तर घेईन. शास्त्राने मानसपूजेची सोय करून ठेवलीच आहे.

यंदाच्या श्रावणात तेरावा अध्याय आला तेव्हा भाऊजी समोर बसले होते. वाचून झालं. ते उठले, मीही उठले. एक हात टेकावा लागला, चौकट लागली नाही. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांनीही हात टेकला होता हे मी पाहिलं.

समई मात्र मी आता हातभर लांब ठेवते.